न सांगितलेलं सोयर

माझी थोरली लेक जन्मली पिठोरी अमावास्येच्या दुपारी, गणपती चार दिवसांवर असताना. तिला बघून माझ्या आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अगो बाय माझे, ही काय वेळ झाली यायची?"

मी एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, अंगात त्राण नाही. तरी मला असा संताप आला! म्हटलं, आये, पोर धड आहे का ते बघ आधी, पंचांग मागाहून उघड. पोर धड होती. तीन आठवडे आधी आलेली, एवढीशी, हातापायाच्या नुसत्या काड्या, पण गळा मात्र असा की ओटीवर बसलेले बाबा दचकून उठले.

आईची भीती खोटी नव्हती, हे मलाही कळत होतं. मूल झालं की घराला सोयर लागतं. लेक माहेरी बाळंत झाली तर माहेरच्यांना तीन दिवसांचं, आणि सासरच्या सगळ्या भावकीला दहा दिवसांचं. सोयर असलं की देवाला शिवायचं नाही, मग गणपती कसला आणताय! माहेरचे तीन दिवस तृतीयेच्या आत सरत होते, त्यामुळे बाबांच्या गणपतीला धोका नव्हता. पण माझ्या सासरी अकरा घरांचा मिळून एक गणपती. मुंबईहून माणसं त्यासाठी यायची. आणि आदल्या वर्षी नेमके चुलत सासरे वारले, सुतक आलं, आणि पाट रिकामा राहिला. दोन वर्षं ओळीनं पाट रिकामा राहिला तर देव ते घर विसरतो, अशी तिथली समजूत. त्या एका वर्षात भावकीत कोणाची म्हैस मेली, कोणाचं होडकं फुटलं, सगळं त्या रिकाम्या पाटाच्या नावावर लागलं होतं.

माझी सासू धोरणी. मला माहेरी पाठवताना तिनं ओटी भरली, गालावर हात फिरवला आणि हळूच सांगितलं, "तुझे दिवस गौरी गेल्यावर भरतायत. पण पोट काय पंचांग वाचतं? आधी मोकळी झालीस, तर दहा दिवस सरेपर्यंत एक शब्द खाडीपलीकडं येता नये. सोयर कानातनं शिरतं गो. कानावर आलं नाय तर लागत नाय. आमी विचारणार नाय, तुमी सांगायचं नाय."

तेव्हा मी मान डोलावली. पोटात असताना मान डोलवायला काय जातं?

माहेर माझं भाट्याला आणि सासर खाडीच्या पलीकडे, मांडवीच्या अंगाला. पूल तेव्हा कुठला, तर चालायची, माणसं ने-आण करणारी होडी. बातमी काय जायची ती तरीतनं. आणि गंमत बघा, माझं बाळंतपण करणारी सुईण म्हणजे त्या तरवाल्याचीच बायको. वाडीत पान हललं तरी तो पलीकडे जाऊन सांगणार, असा त्याचा लौकिक. आईनं त्याला मागच्या दारी बोलावलं, हातावर नारळ ठेवला आणि गणपतीची शपथ घातली. तो म्हणाला, "काकी, दहा दिवस तोंडात पानाचा तोबरा ठेवतो. बोलेन कसा?" आणि ठेवलान हो खरंच. त्या दहा दिवसांत त्याच्याशी बोलायला गेलेला माणूस नुसत्या हुंकारावर परत यायचा.

आता वाडीत सगळ्यांना ठाऊक, शेजारणी मागच्या दारानं अळिवाचे लाडू आणून देतायत, आणि तरी मूल लपवायचं. मी माजघरामागच्या खोलीत, खिडकीला गोणपाट लावलेलं, खाटेखाली शेगडी, ओव्याच्या धुरीनं डोळे चुरचुरतायत. भाद्रपदातली झड. लंगोट-दुपटी बाहेर दोरीवर घालायची सोय नाही, कारण दर्शनाला कोण कुठून येईल नेम नाही, आणि पलीकडचं एक जरी माणूस आलं की संपलं. मग शेगडीवर टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर दुपटी पसरायची. एक वाळतंय तोवर दुसरं ओलं. सगळ्या खोलीला तो करपट, दुधाळ वास. धुरीबद्दल कोणी विचारलं की बाबा सांगत, गाय आजारी आहे. गाय बिचारी गोठ्यात धडधाकट रवंथ करत असायची.

सगळ्यात हाल आईचे. घराचं सोयर फिटलं तरी माझं दहा दिवसांचं होतंच. मला शिवली की आंघोळ केल्याशिवाय तिला गणपतीपाशी जाता येईना. सकाळी मला तेल लावून शेक दिला, आंघोळ. नैवेद्याचे मोदक वळले, पुन्हा माझ्याकडे आली, पोरीची टाळू भरली, आंघोळ. चतुर्थीला तर पोरीची पाचवी आली. पुढच्या खोलीत देवाची प्राणप्रतिष्ठा चाललीय, आणि मागे पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा. आई दोन्हीकडे धावतेय, केस ओले, नाक वाहतंय, शिंकतेय. मी म्हटलं, आये, मरशील गो गारठून. तर म्हणते, "मी मरत नाय. तू फक्त हिला आरतीच्या वेळेला पाज. एरवी रडू दे, पण लोक आले की पाज."

पाज म्हणे! पोर काय नळ आहे, तोटी फिरवली की बंद? लोक आले की नेमकी रडायची. मग बाबा झांज हातात घ्यायचे. आरती झालेली असली तरी पुन्हा धरायचे. शेजारचे म्हातारे म्हणायला लागले, यंदा ह्यांना भक्तीचं भरतं आलंय. मी आत तोंडात पदर कोंबून हसायची, आणि हसता हसता मला रडू यायचं. बाहेर हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा वास सुटलाय, बायकांचा कालवा चाललाय, आणि मी आपली चोरासारखी. काय चोरी केली होती मी? मूल जन्माला घातलं, एवढीच ना?

तरी हे सगळं मी सोसलं असतं. दहा दिवस काय, निघतात. पण ऋषिपंचमीला तरवाला मागच्या दारी आला. पलीकडची बातमी इकडे आणायला त्याला मोकळीक होती, इकडची तिकडे न्यायला नव्हती. पानाचा तोबरा एका गालात सारून तो आईला म्हणाला, "जावई मुंबईसून आलेत. पण त्यांना बोट मिळालीय. गौरी जेवतात त्या दिवशी सकाळच्या आगबोटीनं निघायचंय."

मी आतून ऐकलं आणि बोटं मोजली. एकदा, दोनदा. गौरीचं जेवण म्हणजे नववा दिवस. निरोप पाठवायचा तो अकराव्या दिवशी उजाडल्यावर. म्हणजे दोन दिवस कमी पडत होते.

आमचे हे विलायतेकडच्या बोटीवर खलाशी. एक सफर म्हणजे वर्ष, कधी दीड वर्ष. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले आम्ही एकत्र राहिलेले महिने एका हाताच्या बोटांवर मोजावे. ते आता निघून जाणार, आणि आपल्याला मूल झालंय हे ठाऊक नसताना जाणार. आणि मूल कसं, तर हे असं. रात्रंदिवस मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत होते. सुईण तोंडानं बरी आहे, बरी आहे म्हणायची, पण तिचे डोळे मला दिसत होते. दीड वर्षात काय होईल, कोणी सांगावं? बापानं एकदाही तोंड बघितलं नाही आणि पोर राहिली नाही, तर मी त्यांना पुढे सांगणार तरी काय? होती म्हणून? कशी होती म्हणून?

आईजवळ मी हट्ट धरला. त्यांना एकट्यालाच सांगू या, ते कोणाला बोलायचे नाहीत. आई माझ्यावर अशी कडाडली! "त्याला सांगितलंस म्हणजे सोयर त्या घरात गेलं. मखरात देव बसलाय. आज कळलं की आज उठवायला लागेल. आणि मग तुझ्या लेकीला काय नाव पडेल, ठाऊक हाय? अवसेला जन्मलेली मुलगी, आल्या आल्या गणपती उठवलान! जन्मभर ऐकेल ती. लग्नात ऐकेल, पोरंबाळं झाली तरी ऐकेल. तुला पाह्यजे तर सांग जा."

मी भिंतीकडे तोंड करून पडले. आईचं बरोबर होतं, म्हणूनच तिचा जास्त राग आला.

सप्तमीला, गौरी यायच्या दिवशी, सकाळीच तरवाला पुन्हा हजर. जावई दुपारच्या तरीला येतायत, म्हणाला, जायच्या आधी गाठ घ्यायला. घरात अशी धावपळ उडाली, जशी काही धाडच पडणार होती. आईनं टोपलीवरची दुपटी खाटेखाली कोंबली. बाबांनी शेगडी न्हाणीत नेली. मला तंबी मिळाली, पाय सुजलेत, वैद्यानं उठायचं नाही म्हणून सांगितलंय, असं आम्ही सांगू, तू आतून ओ द्यायची नाहीस. पोरीला पोटभर पाजून ठेव.

मी पाजली. आणि नवल म्हणजे ती झोपली. आठ दिवस वाडी डोक्यावर घेतलेली पोर त्या दुपारी गाढ झोपली.

ते आले. ओटीवर पाणी दिल्याचं, पाट मांडल्याचं मला ऐकू आलं. भिंतीपलीकडे सात-आठ हातांवर त्यांचा आवाज. घसा बसला होता, मुंबईचं पाणी बाधलं असणार. आईला ते मामी म्हणत. "मामी, तिचं कसं काय?" आईनं पायांची सूज सांगितली. "मग आत जाऊन बघू का जरा?" आई म्हणाली, "नको, झोपलीय. रात्री डोळ्याला डोळा नव्हता." खोटंही नव्हतं म्हणा ते.

मग बोटीच्या गोष्टी निघाल्या. कुठली बंदरं, किती महिने, कप्तान कसा आहे. बाबा विचारतायत, हे सांगतायत. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी उठून बसले, पुन्हा पडले, पुन्हा बसले. एवढंच कळत होतं की हा माणूस आता पान खाईल, उठेल आणि दीड वर्षासाठी चालता होईल, आणि त्याची लेक इथं झोपलीय. हाक मारावी तर गणपती उठतोय. न मारावी तर बाप जातोय. पोर आपणहून जागी होईल म्हणून तिच्याकडे बघत राहिले. नाही झाली.

"बरं तर, येतो," असं त्यांचं ऐकू आलं आणि मी पोरीच्या मांडीला चिमटा काढला.

हो, काढला. आठ दिवसांच्या पोरीच्या मांडीला मांस ते किती असणार? चांगला लाल वळ उठला. आज त्या मांडीवर तिची नातवंडं खेळतात, पण तो वळ मला अजून दिसतो. पोरीनं श्वास ओढला, काळीनिळी झाली, आणि मग जो टाहो फोडलान तो पार तरीपर्यंत गेला असेल.

मग आईचा आवाज आला, घाईघाईचा, "शेजारची लेक आलीय ना बाळंतपणाला. तिचं पोर. भिंती काय, कुडाच्या."

मी कान देऊन बसले. आता ते विचारतील. कुठली शेजारीण म्हणून विचारतील, मुलगा की मुलगी विचारतील, निदान हसतील. मला काहीतरी कळेल.

त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. "हं," म्हणाले. आणि लगोलग उठले. पावलं ओटीच्या पायऱ्या उतरली. आईनं पान पुढे केलं असावं, कारण ती म्हणाली, "अहो, पान तरी?" ते अंगणातूनच म्हणाले, "नको, तर सुटेल." बाबा खाली उतरायला लागले तर त्यांना, "तुम्ही वरच थांबा, पाऊस आहे," म्हणून अडवलं. गणपतीला नमस्कार करायला म्हणूनसुद्धा पुन्हा वर आले नाहीत. चिखलात चपला वाजल्या आणि गेले.

आई आत आली ती पांढरीफटक. "जावई रागावून गेले गो. आपण तुला दाखवली नाय म्हणून असेल." मी म्हटलं, रागावले तर रागावले, खड्ड्यात जाऊ दे. जगभर फिरतो, बारा देशांचं पाणी पितो, आणि स्वतःच्या पोरीचा आवाज ओळखता येत नाही! मठ्ठ, मठ्ठ माणूस! आई म्हणाली, हळू बोल. मी मुळीच हळू बोलले नाही. पोरीची मांडी चोळत बसले आणि जे तोंडाला येईल ते बोलत सुटले.

अष्टमीला सकाळी आगबोटीचा भोंगा ऐकू आला. नवमीला गौरी-गणपती गेले. दशमीला उजाडता उजाडता तरवाल्यानं तोबरा थुंकला आणि पलीकडे जाऊन जे काही सांगितलंन, त्यात आमच्या निरोपाचा वाटा थोडा आणि त्याच्या पदरचा जास्त असणार.

बाराव्या दिवशी सासूबाई आल्या. कुंची, अंगडी-टोपडी, साखरेचं ताट. पोरीला मांडीवर घेतलं, दोन्ही बाजूंनी न्याहाळली, नाक बापाचं आहे म्हणाल्या. गणपती छान झाला, अकराही घरांची माणसं जमली, मोदक पुरले नाहीत, हे सगळं सांगून झालं. मग आवाज खाली आला.

"एक विचारू, विहीणबाई? सप्तमीला तो इथं आला, तेव्हा काय बोलणं झालं काय?"

आई चाचरली. म्हणाली, नाही हो, का?

"नाय, म्हटलं काय तरी मानपान ऱ्हायला असेल. इथनं आला तो डोक्यापासनं पायापर्यंत भिजून. कपड्यासकट खाडीत बुडी मारलेला. विचारलं तर म्हणाला, पाय घसरला. त्यानंतर ओटीवर चढला नाय. बाहेर पडवीत घोंगडं टाकून बसला. पूजेची पाळी त्याची, तर धाकट्याला बस म्हणाला, माझं अंग मोडून आलंय. गौरी आल्या, सगळं घर दारात, हा आपला बाहेर. जेवायला केळीचं पान वेगळं मागितलान, नि पान आपलं आपण उचललान. कपाळाला हात लावायला गेले तर म्हणतो, लांब ऱ्हा."

आई माझ्याकडे बघायला लागली. मी आईकडे. मूल झाल्याचं कानावर आलं की बापानं अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात बुडी घ्यायची असते, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. ऐकल्या क्षणापासून देव असलेल्या घरात चढायचं नाही, कोणाला शिवायचं नाही, हेही ठाऊक होतं. सोयर खाडीपलीकडे गेलं होतं. त्यांनी ते एकट्यानं नेलं आणि एकट्यानं पाळलं. घरात अकरा घरांची माणसं आरत्या म्हणत होती, आणि मूल झालं म्हणून हे पडवीत बसून होते, कोणाला सांगायची सोय नव्हती.

मी म्हटलं, "ते निघाले तेव्हा ही रडली होती. मी रडवली होती."

सासूबाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पोरीकडे बघितलं. बोलल्या, ते पोरीकडे बघूनच.

"बंदरावर गेलेवते मी. दीड वर्ष दिसायचा नाय, म्हटलं डोक्यावरनं हात फिरवीन. तर चार पावलं मागं सरला. पाया पडला नाय, लांबनंच हात जोडलान नि आगबोटीवर नेणाऱ्या पडावात जाऊन बसला. चार माणसांत माझी मान खाली गेली. घरी येऊन त्याच्या माघारी बोलले मी त्याला, गो. नको नको ते बोलले. असला पोर नसता झाला तर बरं, असं बोलले."

आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि मला विचारलं, "बोटीवर पत्र जातं काय गो? कितीसा वेळ लागतो?"

मला ठाऊक नव्हतं.